वास फक्त घाटात येतो, शेठ

खोपोलीच्या शिळफाट्यापासून कर्जतच्या चारफाट्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात डिझेल पिकअप येऊन थांबली आणि मालकाने ‘ब्रेकचा जळका वास येतो’ अशी तक्रार केली, की मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘आता येतोय का?’ उत्तरही ठरलेलं असतं. आता येत नाही. काल आला होता. परवा लोणावळ्याहून उतरताना तर केबिनमध्ये बसवत नव्हतं. आज सकाळपासून मात्र काहीच नाही. मिस्त्री पाना खाली ठेवतो, चाकाकडे बघतो, मालकाकडे बघतो आणि म्हणतो, ‘मग येईल तेव्हा या.’

मालकाला हा अपमान वाटतो. तो दुसऱ्या गॅरेजात जातो. तिथेही वास येत नाही.

गाडीच्या बाकीच्या दुखण्यांना काहीतरी पुरावा असतो. गळती असेल तर खाली पुठ्ठा ठेवून थेंब दाखवता येतो. आवाज मोबाइलवर टिपून मिस्त्रीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो, आणि मिस्त्री तो जेवताना ऐकतोही. वासाचा व्हिडिओ निघत नाही. तो शब्दांतच सांगावा लागतो, आणि इथे एरवी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘किती झाले’ एवढ्यावर दिवस काढणाऱ्या माणसाला वर्णनकार व्हावं लागतं. कुणी म्हणतो रबर जळतंय, कुणी म्हणतो वायर जळतेय, कुणी नुसताच हात नाकापाशी नेऊन बोटं उघडझाप करतो. मिस्त्री मान डोलावतो. त्याला यातलं काहीही कळलेलं नसतं.

खरं तर जळते ती राळ. ब्रेकच्या लायनरमध्ये आणि पॅडमध्ये तंतू, धातूची पूड आणि आणखी बरंच काही एकत्र बांधून ठेवायला फिनॉलिक राळ वापरलेली असते. तापमान तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की ती करपू लागते, आणि तो तिखट, घशाला लागणारा वास केबिनमध्ये चढतो. नवे पॅड टाकल्यावर पहिले काही दिवस असा थोडा वास येणं अगदी रास्त आहे. पण पॅड कधी टाकले हे मालकाला आठवत नसतं आणि ड्रायव्हरला सांगायचं नसतं.

यात नाकही साक्षीदार म्हणून फारसं विश्वासू नाही. एकाच वासात थोडा वेळ बसलं की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. त्यामुळे खंडाळ्यापासून स्टिअरिंगवर बसलेल्या ड्रायव्हरला काही जाणवत नाही, आणि खोपोलीत चहा पिऊन परत गाडीत चढणाऱ्या किन्नरला, म्हणजे क्लीनरला, एकदम भपकारा येतो. त्यात गाडी उभी राहिली की चाकांवरचा वारा थांबतो आणि साठलेली उष्णता, वासासकट, वर येते. अशा रीतीने ‘चहाला थांबलं की वास येतो’ असा निष्कर्ष निघतो. काही ड्रायव्हर यावर चहाची टपरी बदलून पाहतात.

गाडीभोवती सल्लागार जमायला वेळ लागत नाही. त्यांच्या निदानाची पद्धत एकदा कळली की सोपी आहे: प्रत्येकाचं निदान म्हणजे त्याचं मागचं बिल. गेल्या महिन्यात ज्याची क्लच प्लेट गेली तो छातीठोकपणे ‘क्लच’ सांगतो. ज्याने चाकाचं बेअरिंग बदललं तो चाक हलवून बघतो आणि न हलणारं चाक हलतंय असं जाहीर करतो. ज्याच्या गाडीचा अर्थिंगचा प्रॉब्लेम होता तो बॅटरीपासून सुरुवात करतो. ज्याच्याकडे गाडीच नाही तो कंपनीला शिव्या घालतो.

आणि गंमत अशी, की यातला कुणीच ठार चुकलेला नसतो. क्लच प्लेटवरचं लायनिंग ब्रेकच्या लायनरच्याच भाऊबंदकीतलं. जळल्यावर दोघांचा वास नाकाला वेगळा सांगता येत नाही. शनिवारी सकाळी एक्स्प्रेसवेच्या घाटात सगळी मुंबई एकदम लोणावळ्याला निघते, तेव्हा त्या कोंडीत हाफ क्लचवर वीतवीत पुढे सरकणाऱ्या गाड्यांमधून जो धूर निघतो तो बहुधा क्लचचा असतो. ढोबळ हिशेब असा करता येतो: चढताना वास आला तर आधी क्लचवर संशय, उतरताना आला तर ब्रेकवर. सपाटीवर, न चढता न उतरता आला, तर प्रकरण गंभीर आहे किंवा गाडीचं नाहीच.

कर्जत-खालापूरच्या बाबतीत ही दुसरी शक्यता डोक्यात ठेवावीच लागते, कारण इथली हवा वासाच्या बाबतीत उदार आहे. कर्जत हा भाताचा तालुका. इथे भात संशोधन केंद्र आहे आणि गावाच्या नावाने भाताची वाणं ओळखली जातात. उन्हाळ्यात पेरणीआधी शेतकरी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, गवत, शेण यांचा थर देऊन राब भाजतात. कशेळे-कडावच्या रस्त्याने एप्रिलमधल्या संध्याकाळी जाणाऱ्या पिकअपमध्ये जळका वास आला, तर चाकं खोलण्यापूर्वी काच खाली करून शेताकडे एकदा पाहावं. पुढे वीटभट्टी लागते. तिचा वास वेगळा, पण फार वेगळा नाही. खोपोलीच्या कारखान्यांचं योगदान वेगळंच. या सगळ्यातून फक्त आपल्या डाव्या मागच्या चाकाचा वास वेचून काढायचा, म्हणजे मालकाच्या नाकाची परीक्षाच.

घाटात तर वास सार्वजनिक मालमत्ता असतो. पुढे अवजड ट्रेलर दमाने उतरत असेल तर त्याच्या सगळ्या चाकांचा वास मागच्या पिकअपच्या केबिनमध्ये थेट येतो. पिकअपवाला घाबरतो, बाजूला थांबतो, उतरून चारही चाकं हुंगतो. तोवर ट्रेलर पुढे निघून जातो आणि वासही जातो. मालकाला सांगायला एक नवी घटना तयार होते: ‘थांबलं की वास बंद होतो.’

पण वास आपल्याच गाडीचा असला तरी तो फक्त घाटातच का यावा, याचं उत्तर घाटाच्या पायथ्याशी शंभर वर्षांहून जास्त काळ उभं आहे. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. लोणावळ्याच्या बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेलं पाणी पाइपांतून पाचशे मीटरहून जास्त खाली सोडायचं, त्या पडण्याच्या जोरावर चाकं फिरवायची आणि वीज मुंबईला पाठवायची. काम संपलं की खोपोलीचं पाणी पाताळगंगेत. म्हणजे घाटाच्या उंचीत ऊर्जा भरलेली आहे हे इथल्या लोकांना कुणी वेगळं शिकवायला नको.

आता पिकअपचा हिशेब. भरलेली गाडी सगळी मिळून तीन टन धरली आणि खंडाळा ते खोपोली उतार साडेपाचशे मीटर धरला, तर उतरताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती होते साधारण साडेचार युनिट. महावितरणच्या बिलात असतात तीच युनिटं. एवढ्यात पन्नास लिटर पाणी उकळीला येतं. पाण्याने हीच उंची उतरताना मुंबईचे दिवे लावले. पिकअप तीच उंची उतरताना लायनर भाजते.

सगळी युनिटं ब्रेकवर पडत नाहीत. काही वाऱ्यात जातात, काही टायरमध्ये, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन उचलतं. म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगत आले, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. आणि म्हणूनच इथे एका अत्यंत लोकप्रिय चालीरीतीचा उल्लेख करावा लागतो: न्यूट्रल.

घाट लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची आणि डिझेल वाचवायचं, हे शास्त्र बापाकडून मुलाला आणि ड्रायव्हरकडून किन्नरला मिळतं. घाटात ‘न्यूट्रलमध्ये उतरू नका’ असे फलक लावलेले आहेत; ते वाचत वाचत गाड्या न्यूट्रलमध्ये उतरतात. यातला विनोद असा, की आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणं बंद करतात. इंजिन चाकांच्या जोरावर फुकटात फिरतं. न्यूट्रल टाकली की मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला आयडलिंगचं डिझेल द्यावंच लागतं. थोडक्यात, वाचवायला गेलेलं डिझेल तर जातंच, वर साडेचार युनिटांचा जवळजवळ पूर्ण बोजा ब्रेकवर येतो.

अधूनमधून येणाऱ्या वासाचं निम्मं रहस्य इथेच उलगडतं. रविवारी मालक स्वतः गाडी काढतो, वासाची खात्री करायला तिसऱ्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून घाट उतरतो. वास येत नाही. सोमवारी ड्रायव्हर तीच गाडी त्याच घाटातून आणतो. वास येतो. मालक म्हणतो, तू खोटं बोलतोस. ड्रायव्हर अत्यंत प्रामाणिकपणे म्हणतो, ‘शेठ, तुम्ही असलात की येतच नाही.’ दोघंही खरं बोलत असतात.

उरलेल्या रहस्याचा मोठा भाग वजनाचा. साधी वीट अडीच-तीन किलोची. हजार विटा म्हणजे अडीच-तीन टन. आरसी बुकावर पिकअपला मिळालेली परवानगी मॉडेलनुसार साधारण सव्वा ते पावणेदोन टनांची असते. पण वीटभट्टीवर आरसी बुक कुणी वाचत नाही. तिथे ‘हजार बसतात का?’ एवढंच विचारतात, आणि बसतातही. त्या खेपेला वास येतो. दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी किंवा मंडपाच्या कापडाचं भाडं घेऊन जाते, वास येत नाही. मालकाच्या डायरीत दोन्ही दिवसांची भाड्याची रक्कम नीट लिहिलेली असते, वजन मात्र कुठेच नसतं.

घाटातल्या ब्रेकबद्दल रेल्वेला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की बाबांनो, हे नाकाचं काम नाही. बोरघाटातून १८६३ मध्ये गाडी सुरू झाली तेव्हापासून ती या उताराला वचकून आहे. ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर उंची, असा हा चढ. पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात त्या मागून जोर देणारी बँकर इंजिनं जोडण्यासाठी. त्या वड्यासाठी थांबतात अशी प्रवाशांची समजूत आहे आणि ती दूर करण्यात वडेवाल्यांना रस नाही. उतरतानाचा बंदोबस्त त्याहून कडक. घाट सुरू होण्याआधी ब्रेकची चाचणी, वेगावर मर्यादा, आणि एवढं करूनही गाडी सुटलीच तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला काढून चढावर नेऊन थांबवणारे रूळ, ज्यांना कॅच सायडिंग म्हणतात. १९२८ मध्ये जीआयपी रेल्वेने मालगाड्यांसाठी आणलेली विजेची इंजिनं, ज्यांना लोक ‘खेकडा’ म्हणत, उतरताना मोटरचाच ब्रेक करून वीज तारेत परत ढकलत. शेजारच्या नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीत तर डब्याडब्यावर माणसं उभी राहून इंजिनाच्या शिट्टीसरशी हाताने ब्रेक आवळत.

एवढी शिस्त एका बाजूला, आणि तिच्या शेजारच्याच रस्त्यावर पिकअपचा सगळा बंदोबस्त म्हणजे काचेला लटकवलेलं लिंबू-मिरची आणि जुन्या घाटात शिंग्रोबाच्या देवळाकडे चालत्या गाडीतून भिरकावलेलं नाणं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून शिंग्रोबाची आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्याने वाट दाखवली हे खरं धरलं, तरी ती कुठल्या गिअरमध्ये उतरायची हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणं बरं नव्हे.

गिअर बरोबर, वजन बरोबर, पुढे ट्रेलर नाही, शेतात राब नाही, आणि तरी वास येतो. इथे खरं निदान सुरू होतं, आणि इथे मिस्त्रीच्या त्या ‘येईल तेव्हा या’चा अर्थ लागतो.

डिस्क ब्रेकची एक खुबी अशी, की त्यात पॅड मागे ओढणारी स्प्रिंग बहुधा नसतेच. पाय दाबला की तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे येतो आणि त्याच्याभोवतीचं चौकोनी रबरी सील जरासं पिळलं जातं. पाय उचलला की ते सील सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. त्या केसभर अंतरावर सगळा कारभार चालतो. सील जुनं झालं, पिस्टनला गंज चढला किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना चिखलाने आणि गंजाने जाम झाल्या, की पॅड डिस्कला घासतच राहतो. घासला की तापतो, तापला की फुगतो, फुगला की आणखी दाबला जातो. थोड्या वेळाने वास. मग गाडी उभी राहते, सगळं थंड होतं, आकसतं, सुटतं. गॅरेजात पोचेपर्यंत चाक हाताने गरगर फिरतं आणि मालक खोटा पडतो.

म्हणून गाडी तापलेली असतानाच तपासावी लागते. सपाट जागेवर बाकीच्या चाकांना दगड लावून, जॅकवर घेऊन, एकेक चाक फिरवायचं. जे अडतं ते गुन्हेगार. पण त्याने गुन्हा स्वतः केला की कुणाच्या सांगण्यावरून, हे ठरवायला चांगला मिस्त्री त्या चाकाचं ब्रेक ऑइल काढायचं निपल सैल करतो. जरासं तेल उडून चाक मोकळं झालं, तर तेलात दाब अडकला होता. नाही झालं, तर दोष त्या चाकातच आहे: पिन, पिस्टन किंवा मागच्या ड्रमात हँडब्रेकची वायर. दाब अडकला असेल तर पुढच्या वेळी चाक अडल्यावर वर मास्टर सिलेंडरपाशी पाइप सैल करून बघायचं. तिथे सैल केल्यावर चाक सुटलं तर दोष मास्टर सिलेंडरकडे किंवा पेडलकडे. नाही सुटलं तर मधला रबरी होज पाइप आतून सुजलेला आहे. असा होज बाहेरून ठणठणीत दिसतो. पायाचा दाब तेलाला पुढे ढकलतो, पण परत यायला वाट देत नाही.

एवढी साधी तपासणी असताना प्रत्यक्षात काय होतं? आधी पॅड बदलतात. मग डिस्क. मग मागचे दोन्ही व्हील सिलेंडर. मग कुणीतरी बूस्टरचा व्हॅक्यूम पंप सुचवतो, कारण डिझेल इंजिन ब्रेकच्या बूस्टरला लागणारी ओढ पेट्रोल इंजिनासारखी स्वतःहून देत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो आणि तो अनेक गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. पंप बिघडला तर पेडल दगडासारखं घट्ट होतं. ब्रेक चिकटायला तो कारण नसतो. पण तो महाग असतो, आणि महाग वस्तू बदलली की काहीतरी ठोस केल्याचं समाधान दोन्ही पक्षांना मिळतं. बिल पाहून मालक गप्प होतो. वास पुढच्या घाटापर्यंत गप्प राहतो.

पेडलपाशी मात्र कुणी वाकून बघत नाही. मास्टर सिलेंडरच्या दांड्याला पेडल सोडल्यावर थोडं मोकळं अंतर लागतं, नाहीतर तेल टाकीत परतण्याचं बारीक भोक बंदच राहतं आणि ब्रेक हळूहळू स्वतःच भरत जातो. हे अंतर खाणाऱ्या गोष्टी काही वेळा अगदी घरगुती निघतात. कंपनीच्या मॅटवर टाकलेली दुसरी मॅट, तिच्यावर तिसरी, आणि सीटखालून गडगडत येऊन पेडलला अडकलेली पाण्याची बाटली. शिवाय स्वतः ड्रायव्हरचा पाय. घाटात सावधपणा म्हणून तो पेडलवर नुसता टेकवलेला असतो, ‘दाबलेला नाही शेठ, ठेवलाय’. ब्रेकला हा फरक समजत नाही.

तापमान मोजण्याची बंदूक आता चांगल्या गॅरेजांत आली आहे. चारही चाकांवर रोखायची, एक चाक बाकीच्यांपेक्षा फारच जास्त निघालं की शोध संपला. मात्र करोनाकाळात कपाळावर रोखायला घेतलेली बंदूक या कामी आणण्याचा मोह टाळलेला बरा. ती माणसाचा ताप बघायला बनवलेली. त्रेचाळीसच्या आसपास गेलं की तिची शुद्ध हरपते आणि ती पडद्यावर नुसतं ‘हाय’ दाखवते. चारही चाकं ‘हाय’ आली म्हणून एकदम चार कॅलिपर मागवणारा माणूस भेटला तर नवल वाटायला नको, विशेषतः पिकअपच्या मागच्या चाकांना कॅलिपर नसून ड्रम असल्यामुळे. बंदूक नसेल तर तळहात चाकाच्या जवळ न्यावा. लावू नये. आणि तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतण्याची जी पद्धत घाटाच्या पायथ्याशी दिसते तिने वास जातो हे खरं, पण तापलेलं बीड एकदम थंड पडल्यावर डिस्क वाकडी होऊ शकते, तडकूही शकते. मग वासाच्या जोडीला थरथर येते.

बीएस-६ गाडी असेल तर संशयितांच्या यादीत आणखी एक जण. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या या डिझेल गाड्यांत बहुधा सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ असतो. काजळी साठली की गाडी ती स्वतःच जाळून टाकते, आणि त्यासाठी आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते. हे कधी करायचं ते गाडीच ठरवते, मालकाला विचारत नाही. त्यामुळे चौकहून कर्जतला सरळ रस्त्याने, ब्रेकला हात न लावता येतानाही मध्येच तापल्याचा वास येऊ शकतो. पेंढ्याची खेप टाकणाऱ्या गाडीच्या पोटाला काड्या अडकलेल्या असल्या तर त्याला खमंग साथ मिळते, आणि ती धोक्याची आहे. सुक्या गवतावर गाडी उभी करू नका असं गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, मूळ प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडता सुखरूप आहे.

या भागात ब्रेक चिकटण्याचा खरा हंगाम पावसाळा. चार महिने सह्याद्रीच्या कुशीत पाणी कोसळत असतं, त्यात भाताच्या बांधांवरचा चिखल चाकांत जातो आणि रात्री हँडब्रेक ओढून उभ्या केलेल्या गाडीचे लायनर सकाळपर्यंत ड्रमला गंजाने चिकटतात. सकाळी ड्रायव्हर जोर लावून गाडी काढतो, ‘टक्’ असा आवाज होतो आणि तो समजतो की सुटलं. कधी एकच बाजू सुटलेली असते. पावसात सपाटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणं हा जुना उपाय अजूनही हँडब्रेकपेक्षा शहाणा आहे. फक्त सकाळी निघताना दगड काढायचा असतो, हेही सांगावं लागतं.

ओलाव्याचा दुसरा परिणाम दिसत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ जातीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश हवा, पाणी शोषलेल्या तेलाचा तो १४० पर्यंत घसरलेला चालतो. डॉट-४ ला हेच आकडे २३० आणि १५५. घाटात चिकटलेल्या चाकापाशी तेल उकळलं की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. वास हा इशारा आहे तो याचा. पेडल जमिनीला टेकल्यावर वासाकडे लक्ष देण्यात अर्थ उरत नाही. एक्स्प्रेसवेच्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनाने पुढच्या गाड्यांची रांग उडवल्याच्या बातम्या खालापूर आणि खोपोलीच्या पोलिसांना नव्या नाहीत. ट्रकचे ब्रेक हवेचे, पिकअपचे तेलाचे, पण तापलेल्या लायनरची पकड दोघांचीही तशीच सुटते.

दसऱ्याला पिकअप धुतली जाते, बोनेटला झेंडूचा हार पडतो, टायरखाली लिंबं ठेवली जातात. पावसाळा नुकताच संपलेला असतो. त्याच आठवड्यात चारही चाकं खोलून घ्या. कॅलिपरच्या पिना काढून पुसा आणि त्यांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, बेअरिंगचं नको. मागचे ड्रम घासून साफ करा, हँडब्रेकची वायर सुटते का बघा. पेडलखालच्या जादा मॅट घरी न्या, पायपुसणं म्हणून चांगल्या चालतील. दोन वर्षं होऊन गेली असतील तर ब्रेक ऑइल पूर्ण बदला, नुसतं वरून भरू नका. निपलमधून जुनं काळं तेल संपून नवं स्वच्छ तेल येईपर्यंत काढत राहायचं. डबा सीलबंदच घ्या. दुकानात झाकण उघडं राहिलेला अर्धा डबा निम्म्या किमतीत मिळाला तरी तो नको, त्यात पावसाळा शिरलेला असतो.